छायाचित्राशेजारची पट्टी

प्रति,
माननीय संपादक यांस,

विषय: छायाचित्र-प्रदर्शनांतील नोंदी आणि त्यांची परीक्षणे

महोदय,

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत दोन प्रदर्शनांची परीक्षणे एकाच पानावर शेजारी शेजारी छापून आली होती. एक चित्रांच्या प्रदर्शनाचे, दुसरे छायाचित्रांच्या. चित्रांच्या परीक्षणात कॅनव्हासवरील तैलरंगाचा थर कोठे जाड लागला आहे, कोठे तो मुद्दाम खरवडला आहे आणि आकार मोठा होताच चित्रकाराचा हात कसा बदलतो, याचा बारकाईने विचार होता. छायाचित्रांच्या परीक्षणात मात्र चौकटीत काय दिसते एवढेच होते: धुके, सुरकुतलेला चेहरा, पाण्यातले प्रतिबिंब आणि शेवटी ‘कलावंताने क्षण अचूक टिपला आहे’ हे वाक्य. ती छायाचित्रे केवढी होती, कोणत्या कागदावर होती, कोणत्या पद्धतीने छापलेली होती, भिंतीवर कशी दिसत होती, याबद्दल एक अक्षरही नव्हते. सोबत छापलेले छायाचित्र डावीकडून कापलेले होते आणि त्याखाली ते करणाऱ्याचे नाव नव्हते. ते प्रदर्शन माझे नव्हते, हे आधीच सांगितलेले बरे. परीक्षणही आपुलकीने लिहिलेले होते. तरीही हे पत्र लिहावेसे वाटले, कारण जे त्या परीक्षणात सुटले तेच आमच्या कलादालनांतही सुटते, आणि त्यात आम्हा छायाचित्रकारांचा वाटा मोठा आहे.

मी गेली बावीस वर्षे छायाचित्रे करते आणि ती लहानमोठ्या कलादालनांत लावते. समारंभ, जाहिराती किंवा बातम्या यांसाठीचे छायाचित्रण हे माझे काम नाही. भिंतीवर टांगली जावीत, कोणी समोर उभे राहून ती पाहावीत आणि जमल्यास घरी न्यावीत, एवढ्याच हेतूने ही छायाचित्रे केलेली असतात. प्रदर्शनाच्या काळात दिवसभर दालनात बसून राहावे लागते, आणि तिथे ठरावीक प्रश्न ऐकण्याची सवय होते. कॅमेरा कोणता? हे खरेच असे होते, की नंतर संगणकावर केले? असे किती फोटो काढल्यावर हा एक मिळाला? एकदा एक गृहस्थ एका छायाचित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मला आनंद झाला. मग ते माझ्यापाशी आले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, ‘‘याची फाइल पाठवाल का? मी बाहेरून छापून घेईन, म्हणजे तुमचा कागदाचा खर्च वाचेल.’’ त्यांच्या दृष्टीने भिंतीवर लटकत होता तो नमुना होता आणि खरी वस्तू माझ्या संगणकात होती. त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले, की त्यांचा गैरसमज दूर करील असे त्या भिंतीवर काहीच नव्हते. छायाचित्राशेजारच्या पट्टीवर शीर्षक आणि माझे नाव होते. समोरचा कागद हीच कलाकृती आहे, हे सांगणारी एकही खूण मी तिथे ठेवली नव्हती.

छायाचित्रण ही कला आहे की नाही, हा वाद मला इथे उकरून काढायचा नाही. 1859 च्या पॅरिसच्या सलोन या कलाप्रदर्शनाच्या निमित्ताने फ्रेंच कवी बोदलेअरने छायाचित्रणाची यथेच्छ निर्भर्त्सना केली होती. 1905 मध्ये अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झने न्यूयॉर्कमधील फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर 291 क्रमांकाच्या घरात छायाचित्रांसाठी छोटे दालन उघडले. 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने छायाचित्रणाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. एवढ्या वाटचालीनंतर त्या प्रश्नात दम उरलेला नाही. मला रस आहे तो पुढच्या, अधिक व्यावहारिक प्रश्नात. छायाचित्र दालनात आले, तर दालनात नेमके काय आले? मी पाहिलेले दृश्य आले, मी काढलेली फाइल आली, की मी कागदावर केलेली प्रिंट आली?

माझे उत्तर प्रिंट हे आहे. फाइलला आकार नसतो. ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तळहाताएवढी दिसते आणि प्रक्षेपकातून भिंतभर पसरते, आणि दोन्हीकडे ती आतून प्रकाशित असते. प्रिंट स्वतः उजेड देत नाही. तिच्यावर पडलेला उजेड ती परत पाठवते. म्हणून ती केवढी करायची, कागद खरखरीत घ्यायचा की गुळगुळीत, पांढरा किती पांढरा आणि काळा किती काळा, सावलीत काय दिसू द्यायचे आणि काय बुडू द्यायचे, हे सगळे नव्याने ठरवावे लागते. डार्करूममध्ये, म्हणजे फिल्मवरून कागदावर छापण्याच्या अंधाऱ्या खोलीत, काम केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. एन्लार्जर या प्रतिमा मोठी करून पाडणाऱ्या यंत्राखाली कागद ठेवून चाचणीच्या कागदी पट्ट्या काढायच्या, मग प्रकाशाच्या वाटेत हात धरून एखादा भाग उजळ ठेवायचा, दुसऱ्या भागाला जास्त वेळ देऊन तो गडद करायचा, या डॉजिंग-बर्निंगमध्ये संध्याकाळ निघून जायची आणि शेवटी केराच्या टोपलीत अकरा आणि वाळत घातलेली एक, अशी प्रिंट्सची विभागणी व्हायची. आता हीच कामे मी संगणकासमोर आणि प्रिंटरपाशी करते. टोपली मात्र पूर्वीसारखीच भरते.

अँसेल अ‍ॅडम्स छायाचित्रकार होण्याआधी पियानोवादक होण्याच्या तयारीत होता, आणि निगेटिव्ह (कॅमेऱ्यातली फिल्म, जिच्यावरून प्रिंट होते) म्हणजे संगीताची लिखित संहिता व प्रिंट म्हणजे तिचे वादन, असे तो म्हणत असे. त्याच्या बाबतीत ही नुसती उपमा नव्हती. 1941 मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे त्याने घेतलेले छायाचित्र जगभर ठाऊक आहे. त्याच्या सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाश करड्या रंगाचे आहे आणि वरच्या भागात ढगांचे पुसट पट्टे दिसतात. 1948 मध्ये त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो भाग अधिक ठसठशीत केला, आणि नंतरच्या प्रिंट्समध्ये, विशेषतः 1970 च्या दशकातल्या, आकाश जवळजवळ काळेभोर झाले. निगेटिव्ह तीच, चंद्र तोच, पण तीस वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन प्रिंट्स शेजारी ठेवल्या, तर एकीत संध्याकाळ आहे आणि दुसरीत रात्र. आता अशा प्रिंटशेजारच्या पट्टीवर नुसते ‘1941’ लिहिले, तर ते खरे की खोटे? खरे आहे, पण अर्धे. संग्रहालये म्हणूनच निगेटिव्हचे वर्ष आणि प्रिंटचे वर्ष अशी दोन वर्षे लिहितात, आणि छायाचित्र घेतल्यानंतर लवकरच केलेल्या प्रिंटला संग्राहक ‘विंटेज’ म्हणून वेगळी ओळख देतात. आमच्या दालनांत मी दुसरे वर्ष क्वचितच पाहिले आहे. माझ्या स्वतःच्या पहिल्या सहा प्रदर्शनांत ते नव्हते.

प्रिंट कोणी केली, हाही असाच न विचारला जाणारा प्रश्न आहे. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँला डार्करूमच्या कामात रस नव्हता. त्याच्या प्रिंट्स पॅरिसमधील पिक्तो या प्रयोगशाळेत होत आणि तिथल्या वोया मित्रोविचसारख्या मुद्रकाच्या हातावर त्याचा विश्वास होता. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनच्या हातून कंपवातामुळे काम सुटले. त्याच्या मृत्यूनंतर मुलगा कोल याने वडिलांच्या निगेटिव्हवरून प्रिंट्स केल्या, आणि त्या कोलने केल्या आहेत हे त्यांच्यावर स्पष्ट नोंदवले. दुसरा मुलगा ब्रेट हाही छायाचित्रकार; त्याने नेमके उलट केले. 1991 मध्ये आपल्या ऐंशीव्या वाढदिवशी त्याने स्वतःच्या निगेटिव्ह जाळल्या, कारण त्या दुसऱ्या कोणी छापाव्यात हे त्याला मान्य नव्हते. एकाच घरातले हे दोन टोकांचे निर्णय आहेत आणि मला दोन्ही प्रामाणिक वाटतात, कारण दोघांनीही प्रिंट ही कोणाच्या तरी हातची असते हे मान्य केले आहे. आमच्याकडे बहुतेक जण मोठ्या आकाराच्या प्रिंट्स प्रयोगशाळेतून करून घेतात. त्यात कमीपणा काहीच नाही. ज्याने आपल्या डोळ्यांदेखत चार वेळा कागद बदलून सावल्या जागेवर आणल्या, त्याचे नाव मात्र पट्टीवर येत नाही, आणि त्या अनुल्लेखात मला कमीपणा वाटतो.

कागदाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण परीक्षणे वाचताना हा विषय तांत्रिक म्हणून टाळला जातो असे वाटते. काही वर्षांपूर्वी मी एका रिकाम्या घराच्या आतल्या अंधाराची मालिका केली. खिडकीची एक फट, जिन्याचे पहिले दोन-तीन दगड आणि बाकी सगळा काळोख. पण त्या काळोखात भिंतीचा पोत, खुंटी, टांगलेली दोरी हळूहळू दिसू लागावी, अशी ती छायाचित्रे होती. मला सुती कागद आवडतो. हाताला तो कापडासारखा लागतो, त्यावर चमक नसते आणि छायाचित्र कागदावर बसल्यासारखे न वाटता कागदात मुरल्यासारखे वाटते. म्हणून सगळी मालिका मी त्यावर छापली. घरी, खिडकीजवळच्या उजेडात ती सुंदर दिसली. दालनात दिवे वरून आणि दुरून होते, फ्रेमला साधी काच होती, आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी माझ्या काळोखात खुंटी नव्हती, दोरी नव्हती. समोरच्या दाराचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे प्रतिबिंब होते. निस्तेज पृष्ठभागाच्या कागदावरचा काळा हा चमकदार कागदावरच्या काळ्याइतका खोल कधीच जात नाही, हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते. त्याचा अर्थ त्या संध्याकाळी कळला. पुढच्या वेळी हीच मालिका मी किंचित चमक असलेल्या बॅरायटा कागदावर छापली, परावर्तन कमी करणारी काच घेतली आणि प्रिंट्स अंतिम करण्याआधी दालनात जाऊन त्याच दिव्यांखाली चाचणीच्या पट्ट्या धरून पाहिल्या. तेव्हा लोक त्या छायाचित्रांसमोर थांबू लागले. परीक्षकाने दोन्ही प्रदर्शने पाहिली होती आणि दोन्ही वेळी ‘प्रकाश-छायेचा खेळ’ असेच लिहिले.

टिकाऊपणाचाही प्रश्न कागद आणि शाईशीच बांधलेला आहे. 1960 आणि 1970 च्या दशकांतल्या अनेक रंगीत प्रिंट्स आज लालसर किंवा पिवळट झालेल्या दिसतात. त्यांतले रंगद्रव्य उजेडात तर उडतेच, पण पेटीत, अंधारात ठेवूनही हळूहळू उडते. आजच्या पिग्मेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) शाया आम्लमुक्त कागदावर बऱ्याच अधिक टिकतात, म्हणून घेणाऱ्याला शाई पिग्मेंटची आहे की डायची (विरघळणाऱ्या रंगाची), हे कळण्याचा हक्क आहे. पट्टीवर ‘डिजिटल प्रिंट’ एवढेच लिहिणे म्हणजे चित्राखाली ‘रंगाने काढले’ असे लिहिण्यासारखे आहे. प्रकाशाने लवकर बिघडणाऱ्या कागदी कलाकृतींवर संग्रहालये साधारण 50 लक्स इतकाच मंद उजेड ठेवतात. आमची दालने यापेक्षा कितीतरी प्रखर असतात. दोन आठवड्यांच्या प्रदर्शनात त्याने फारसे बिघडत नाही, पण प्रिंट घरी नेणाऱ्याला ती उन्हाच्या भिंतीवर लावू नका, हे कोणीतरी सांगायला हवे. प्रिंट काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंटची (प्रिंटभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची) जाडी ठेवावी लागते, हेही फ्रेम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतेच असे नाही. माझ्या दोन प्रिंट्स काचेला चिकटून गेल्या, त्या दोन्ही मी स्वतः घाईत फ्रेम केलेल्या होत्या.

आता मर्यादित आवृत्तीकडे, म्हणजे एका छायाचित्राच्या ठरावीक प्रतीच करण्याच्या प्रथेकडे येते, कारण पट्टीवरचा सर्वांत गुंतागुंतीचा आणि सर्वांत जास्त गैरवापर होणारा भाग तोच आहे. ‘3/10’, म्हणजे दहापैकी तिसरी प्रत, असा आकडा प्रिंटच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेला असतो. ही प्रथा आमच्याकडे मुद्राचित्रणातून, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून चित्रे छापण्याच्या कलेतून आली. कोरलेला तांब्याचा पत्रा छापता छापता झिजतो, नंतरचे ठसे पुसट होतात, म्हणून किती ठसे काढले याला तिथे वस्तुनिष्ठ अर्थ होता. निगेटिव्ह अशी झिजत नाही आणि फाइल तर मुळीच झिजत नाही. त्यामुळे छायाचित्राची आवृत्ती दहाची आहे, हे वस्तूचे लक्षण नाही. तो छायाचित्रकाराने दिलेला शब्द आहे. शब्द म्हटला की तो नेमका काय दिला, हे महत्त्वाचे ठरते. दहा म्हणजे याच आकारात दहा, की सर्व आकार मिळून दहा? कलावंताने स्वतःसाठी राखलेल्या, आर्टिस्ट्स प्रूफ म्हणवल्या जाणाऱ्या प्रती त्यात धरल्या आहेत की वेगळ्या? उद्या दुसऱ्या कागदावर पुन्हा छापले, तर ती नवी आवृत्ती होईल काय?

हे प्रश्न किती खरे आहेत हे विल्यम एगलस्टनच्या प्रकरणात दिसले. 1976 च्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील प्रदर्शनाने ज्याच्या रंगीत छायाचित्रांना मान्यता मिळाली, तो हा छायाचित्रकार. त्याच्या डाय-ट्रान्सफर पद्धतीच्या (एकेक रंग कागदावर उतरवून केलेल्या) मर्यादित प्रिंट्स एका संग्राहकाकडे होत्या. 2012 मध्ये त्यांपैकी काही छायाचित्रांच्या मोठ्या आकाराच्या नव्या डिजिटल प्रिंट्स लिलावात विकल्या गेल्या, तेव्हा त्या संग्राहकाने दावा लावला. 2013 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. वेगळ्या आकाराची, वेगळ्या पद्धतीने केलेली प्रिंट ही स्वतंत्र आवृत्ती ठरली. कायद्याने एगलस्टन बरोबर होता. संग्राहकाला काय वाटले असेल, तेही मला समजते. उलट अ‍ॅडम्सने आपल्या बहुतेक छायाचित्रांना मर्यादा घातलीच नाही. मागणी येईल तशा तो प्रिंट्स करत राहिला, आणि 1975 च्या अखेरीनंतर सुट्या प्रिंट्सची मागणी घेणार नाही असे जाहीर करून थांबला. मर्यादा नाही असे सरळ सांगणे मला, मर्यादा सांगून तिच्यात पळवाटा ठेवण्यापेक्षा, कितीतरी बरे वाटते.

या बाबतीत दुसऱ्यांना शिकवण्याचा मला अधिकार नाही, हेही कबूल करते. सुरुवातीच्या काळात एका छायाचित्राची मी पंचवीसची आवृत्ती जाहीर केली. पंचवीस हा आकडा मी का निवडला, तर तो भारदस्त वाटला म्हणून. नोंदवही ठेवली नाही. काही प्रिंट्स दालनांतून गेल्या, काही मित्रांना दिल्या, एक खराब झाली म्हणून तोच क्रमांक घालून बदलून दिली आणि खराब झालेली परत मागायची विसरले. पुढे एका खरेदीदाराने विचारले, की माझी कितवी, तेव्हा अकरावी की बारावी हे मला छातीठोकपणे सांगता येईना. ते छायाचित्र मी त्यानंतर छापणे बंद केले. आता प्रत्येक प्रिंटची तारीख, कागद, शाई, आकार, क्रमांक आणि ती कोणाकडे गेली याची वही माझ्याकडे आहे, आणि आवृत्ती सर्व आकार मिळून आठची असते.

इथे आपल्याच मंडळींबद्दल एक गोष्ट लिहिली पाहिजे. कॅमेरा क्लबांच्या प्रदर्शनांत पट्टीवर तांत्रिक माहिती भरपूर असते: लेन्स इतक्या मिलिमीटरची, छिद्र एफ 8, वेग सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. ही माहिती शिकणाऱ्याला उपयोगी असेल, पण ती छायाचित्र घेण्याच्या क्षणाची माहिती आहे, समोरच्या वस्तूची नाही. चित्राखाली कुंचल्याची कंपनी आणि क्रमांक लिहिल्यासारखे ते होते. मग प्रेक्षक कॅमेरा कोणता असे विचारतात तेव्हा आम्ही नाराज होतो. पण तो प्रश्न त्यांना आम्हीच शिकवला आहे.

दालनचालकांशी मी या विषयावर बोलले आहे आणि त्यांचे म्हणणे मला उडवून लावायचे नाही. पट्टी लांब झाली की लोक छायाचित्र सोडून पट्टी वाचतात, असे एकाने सांगितले, आणि ते खरे आहे. प्रक्रियेची नावे वाचून घेणारा बिचकतो, असे दुसऱ्याने सांगितले. ते मला पटले नाही. विक्रीच्या रकमेतला साधारण निम्मा वाटा दालनाचा असणे ही या व्यवहारातली सर्वत्र रूढ पद्धत आहे, आणि छपाई, माउंट, फ्रेम यांचा खर्च बहुधा छायाचित्रकाराच्या अंगावर असतो. लहान दालनांना भिंती चालत्या ठेवायच्या असतात, म्हणून मी या वाट्याबद्दल कुरकुर करत नाही. पण निम्मा वाटा घेणाऱ्याने विकली जाणारी वस्तू काय आहे, हे चार ओळींत नोंदवावे, ही अपेक्षा जास्त नाही. एका दालनाने माझ्या नऊ प्रिंट्सची पोचपावती ‘फोटो, नग 9’ अशी दिली होती. त्यांतली एक परत आली तेव्हा तिचा कोपरा दुमडलेला होता, आणि पावतीवर काहीच नोंद नसल्याने तो आधीचा की नंतरचा, यावर दोन्ही बाजूंना काही सिद्ध करता आले नाही. तेव्हापासून मी पाठवण्यापूर्वी प्रत्येक प्रिंटच्या चारही कोपऱ्यांची छायाचित्रे काढते. छायाचित्रांची छायाचित्रे काढण्यात माझी अर्धी सकाळ जाते, पण इलाज नाही.

अलीकडे या साऱ्याला आणखी एक कारण जोडले गेले आहे. 2023 मध्ये बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताने एका नामांकित आंतरराष्ट्रीय छायाचित्र स्पर्धेतला पुरस्कार नाकारला आणि आपली प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेली आहे, असे जाहीर केले. परीक्षकांना नुसते पाहून ते वेगळे काढता आले असते का, यावर तेव्हा पुष्कळ बोलले गेले. मला त्या चर्चेत एक साधी गोष्ट जाणवली: प्रतिमा कशी तयार झाली हे पाहणाऱ्याने ओळखावे अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा ते करणाऱ्याने लिहावे. यंत्राने घडवलेली प्रतिमा दालनात लावायला माझी हरकत नाही. तिच्या पट्टीवर तसे लिहिलेले असावे, आणि लेन्समधून आलेल्या प्रकाशाने झालेल्या छायाचित्राच्या पट्टीवर तसे लिहिलेले असावे.

माझी मागणी एवढ्या एका पट्टीची आहे. तिच्यावर शीर्षक आणि कलावंताचे नाव असावे. छायाचित्र घेतल्याचे वर्ष आणि प्रिंटचे वर्ष अशी दोन्ही वर्षे असावीत. प्रक्रिया आणि कागद असावा, जसे ‘सिल्व्हर जिलेटिन’ (डार्करूममधला चांदीच्या क्षारांचा कागद) किंवा ‘सुती कागदावर पिग्मेंट शाई’. फ्रेम सोडून प्रतिमेचा आकार असावा. आवृत्तीचा क्रमांक आणि ती मर्यादा आकारापुरती आहे की एकूण, हे असावे. आणि प्रिंट दुसऱ्याने केली असेल तर त्याचे नाव असावे. हे सगळे पाच ओळींत बसते. लोक पट्टीच वाचत बसतील ही भीती असेल, तर अक्षर लहान ठेवावे.

आपल्याकडून, म्हणजे वर्तमानपत्राकडून, अपेक्षा आणखी कमी आहेत. स्टिग्लिट्झ आपल्या ‘कॅमेरा वर्क’ या त्रैमासिकात फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीने, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून शाईने, छापलेल्या प्रतिमा पातळ जपानी कागदावर घेऊन पानांवर हाताने चिकटवून देत असे; दैनिकाकडून असे काही मागणे वेडेपणाचे होईल. वर्तमानपत्राच्या कागदावर प्रिंटचे निम्मे गुण उतरत नाहीत, हे आम्ही सारे जाणतो. पण छायाचित्र छापताना ते कापू नये, कापावेच लागले तर ‘अंश’ असा शब्द खाली घालावा, आणि बातमीतील छायाचित्राला जसे नाव देता तसे कलावंताचे नाव द्यावे. परीक्षण लिहिणाऱ्यांना मी एवढेच सुचवीन, की दालनाने पाठवलेल्या फाइलवरून न लिहिता भिंतीसमोर जाऊन लिहावे. तिथे आधी सहा पावलांवरून पाहावे, मग हातभर अंतरावरून. लांबून छायाचित्र काय सांगते आणि जवळून कागद काय सांगतो, यात कित्येकदा तफावत असते. चांगल्या प्रिंटमध्ये ती मुद्दाम ठेवलेली असते, वाईट प्रिंटमध्ये ती अपघाताने राहून गेलेली असते. कोणते कोठे आहे हे सांगणारे परीक्षण झाले, तर ते कठोर असले तरी मी कापून ठेवीन. माझ्या कामाबद्दल आजवर आलेल्या सर्व परीक्षणांत मिळून कागदाचा उल्लेख एकदाच आहे, आणि तो उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेच्या कागदाचा आहे.

माझ्या पुढच्या प्रदर्शनासाठी सोळा पट्ट्या छापून तयार आहेत. त्यांतल्या अकरा प्रिंट्स मी केल्या आहेत आणि मोठ्या आकाराच्या पाच प्रयोगशाळेत झाल्या आहेत. त्या पाच पट्ट्यांवर नाव घालण्यासाठी मी तिथल्या मुद्रकाला त्याचे नाव कसे लिहू म्हणून विचारले. गेली नऊ वर्षे आम्ही एकमेकांना ओळखतो आणि इतक्या वर्षांत मी त्याला फक्त पहिल्या नावानेच हाक मारत आले होते. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने कागद मागून घेतला आणि वडिलांच्या नावासकट स्वतःचे पूर्ण नाव स्वतःच्या हाताने लिहून दिले; पट्टीवर ते दीड ओळ घेते.

कळावे,
आपली,
एक छायाचित्रकार